समाजमंदिराच्या मागं

"किल्ली तिथं कठड्यावर ठेवा."

घरमालकीण काकू म्हणाल्या. तीच किल्ली थोड्या वेळापूर्वी त्यांनी स्वतः आप्पांच्या तळहातावर ठेवली होती. राजारामपुरीतली वरच्या मजल्यावरची खोली. खाट, पंखा, खिडकीतून समोरचं आंब्याचं झाड. मला आवडली होती. नुकती डिग्री झालेली, कोल्हापुरात कंप्युटरचं काम शोधायला आलेली पोरगी मी, आणि सोबत माझे वडील, आप्पा. काकूंनी आत चहा टाकायला सांगितलं होतं. म्हणजे खोली पक्की, असं मी धरून चालले होते.

चहा होईपर्यंत गप्पा. आमच्याकडं गप्पा एकाच प्रश्नानं सुरू होतात. कुठलं म्हणायचं पावणं? मायेनं विचारतात. काकूंनीही मायेनंच विचारलं. आप्पा म्हणाले, गडहिंग्लजकडचं. तिकडं कुठं? आप्पांनी गावाचं नाव सांगितलं. आमचं आडनावही गावाचंच, पुढं 'कर' लावलेलं. मी शाळेत जायच्या आधी आप्पांनी जुनं आडनाव रीतसर बदलून घेतलं होतं. काकू खूश झाल्या, त्या गावात त्यांच्या जावेचं माहेर निघालं. गावात कुठं? स्टँडजवळ. स्टँडजवळ कुठं?

आप्पा गप्प. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. म्हणून मीच म्हणाले, "समाजमंदिराच्या मागं."

आमच्या गावात समाजमंदिर म्हणजे आमच्या वस्तीतलं सभागृह. दलित वस्तीतलं. दुसऱ्या कुणाच्या गल्लीत ते नाही, आणि हे जावेचं माहेर असलेल्या बाईला सांगायला लागत नाही. चहा आतच राहिला. ह्यांना इचारून कळवतो, म्हणाल्या. आवाज तोच. हसूही तेच. फक्त किल्ली घ्यायला हात पुढं आला नाही. आप्पांनी ती कठड्यावर ठेवली. हळूच, वाजू न देता. त्या न वाजलेल्या किल्लीचा राग मला अजून येतो.

खाली रस्त्यावर आल्यावर आप्पा भराभर चालायला लागले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "फुडं कुणी इचारलं तर स्टँडजवळ, एवढंच सांगायचं. मागचं न्हाय सांगायचं."

तसंच सांगितलं. पलीकडच्या गल्लीत खोली मिळाली. घरमालकीण आक्का चांगल्या होत्या, भाकरी जास्त झाली की वर हाक मारायच्या. मी खायचे. प्रत्येक घासाला वाटायचं, आता विचारतील. स्टँडजवळ कुठं?

पुढं नोकरी लागली. शाहूपुरीत एका दुकानावरचं छोटं ऑफिस, सहा-सात जण. मालकाला आम्ही सर म्हणायचो. शिकलेल्या घरातले. आवाज कधी चढायचा नाही. शिकायला किंवा नोकरीला शहरात येणाऱ्यांना खोल्या शोधून द्यायची वेबसाइट होती त्यांची. बाहेरगावच्या पोरांनी आपलं नाव-गाव भरायचं, आवडती खोली निवडायची, मालकाचा नंबर मिळायचा. मला हे काम आवडलं. वाटलं, आता कुणाला जिने चढून तोंड पाडून उतरायला नको.

माझ्याकडं जावास्क्रिप्ट होतं, वेबसाइट चालवायची भाषा. त्यात माणसानं टाइप केलेली कुठलीही ओळ म्हणजे स्ट्रिंग. अक्षरांची माळ. तिच्यावर चालवायची हत्यारं तयार असतात. ट्रिम दोन्ही टोकांची रिकामी जागा खरवडून काढतं. स्प्लिट सांगाल तिथं ओळ तोडतं. स्लाइस हवा तो तुकडा कापून हातात देतं. सरांनी पहिलं काम दिलं ते पत्त्याच्या ओळीतून गाव, तालुका वेगळा काढायचं. स्वल्पविरामावर तोडून बघितलं. जमेना. आमच्याकडची माणसं पत्ता एका दमात लिहितात. मुक्काम पोस्टपासून सुरुवात करतात ती थेट जिल्ह्यालाच थांबतात, मध्ये स्वल्पविराम कोण घालतंय? मारुतीच्या देवळासमोर, दूध डेअरीच्या वर, पाण्याच्या टाकीखाली. पोस्टमन चुकू नये म्हणून सगळ्या खुणा. मी वाचत बसायचे. हसू यायचं, घरची आठवण यायची.

एके दुपारी सर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. म्हणाले, गावाचं राहू दे, ओळ तोडायचीच गरज नाही. इन्क्लुड्स वापर. हे हत्यार काही कापत नाही. नुसतं विचारतं, या ओळीत हा शब्द आहे का? हो किंवा नाही, एवढंच उत्तर. मी विचारलं, कुठला शब्द?

त्यांनी सांगितले. समाजमंदिर. बुद्धविहार. आणखी दोन-तीन. बोटांवर मोजत, भाजी सांगावी तसे सांगितले.

मला कळलं. पण कळलेलं खरं धरायची छाती होईना. विचारलं, मग काय करायचं सर?

"काही नाही. 'सध्या खोली शिल्लक नाही' एवढं दाखवायचं. घरमालकांच्या तक्रारी येतात गं. समोर आल्यावर नाही म्हणायला अवघड जातं त्यांना. आडनावावरून हल्ली कळत नाही, पत्त्यावरून कळतं. कुणाला दुखवायचं नाही, कुणाशी वाद नाही. सापही मरतो, काठीही मोडत नाही." मग आवाज अजून खाली आणून म्हणाले, "तू आपल्यातली आहेस म्हणून तुला सांगतोय."

वर पंखा फिरत होता. काकूंना निदान चार प्रश्न विचारावे लागले होते. तोंड उघडावं लागलं होतं, आप्पांच्या डोळ्यांसमोर हात मागं ठेवावा लागला होता. इथं त्यातलं काहीच नाही. पोरगं गावाकडं बसून पत्ता भरणार, पोस्टमनला घर सापडावं म्हणून इमानदारीत खूण लिहिणार, आणि तीच खूण त्याचा घात करणार. त्याला कधीच कळणार नाही. म्हणेल, नशीब नाही. पुन्हा भरेल. पुन्हा शिल्लक नाही. शहरभर खोल्या रिकाम्या, आणि त्याला एकही दिसायची नाही.

मी लिहिलं. तीन ओळी. तेवढ्याच लागतात. सर मागं उभे राहून म्हणाले, चालवून दाखव.

नाव टाइप केलं. माझं. गाव. माझं. स्टँडजवळ. तिथं बोट थांबलं. आप्पा आठवले. मग पुढचं टाइप केलं, समाजमंदिराच्या मागं. बटण दाबलं.

सध्या खोली शिल्लक नाही.

"बरोबर चाललंय," सर म्हणाले. "कुणाचा पत्ता टाकलास?"

"माझा."

ते हसायला गेले, हसू अर्ध्यात राहिलं. ऑफिसातल्या की-बोर्डांचा आवाज थांबला. मग सर म्हणाले, अगदी हळू, समजुतीच्या सुरात, "अगं, तुझं वेगळं आहे."

तिथं माझ्यातलं काहीतरी कायमचं मोडलं. भीती मोडली. मी त्या तीन ओळी पुसल्या. म्हणाले, "माझं वेगळं न्हाय. हे मी लिहिणार न्हाय, आणि ह्याच्यावर गप्प बी बसणार न्हाय." पिशवी उचलली. जिन्यात पोचले तेव्हा सरांनी शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली होती. त्याचा की-बोर्ड सुरू झाला. मला वरून ऐकू येत होता.

तिथून थेट पोलीस ठाण्यात गेले. तक्रार घेणाऱ्यांनी नाव विचारलं, पत्ता विचारला. पूर्ण सांगितला. त्यांचा पेन एका शब्दाशी थांबला. माझ्याकडं बघितलं, मग पेन पुढं चालला. त्या तक्रारीचं काय होईल, मला माहीत नाही. आप्पांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, कशाला सांगितलंस. राग नव्हता त्यांचा. भीती होती. तीच, मला शिकवलेली.

मग खोलीवर आले. आक्का दारातच भाजी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आक्का, मी स्टँडजवळची म्हणून सांगितलंतं. स्टँडजवळ समाजमंदिराच्या मागं आमचं घर हाय."

त्यांचा हात थांबला. मेथीची जुडी मांडीवर तशीच राहिली. मग ती खाली ठेवून त्या उठल्या. आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळी भाकरीची हाक आली नाही. आज त्यांचा मुलगा आलाय. खाली कुजबुज चाललीय. जिन्यावर पावलं वाजून परत गेली.

या वर. मी दार उघडं ठेवलंय. खोली सोडायला लावणार असाल तर माझ्या तोंडावर सांगा, आणि कशासाठी तेही तुमच्या तोंडानं सांगा. खोलीची किल्ली माझ्या मुठीत आहे. कठड्यावर ती मी ठेवणार नाही. ज्याला हवी त्यानं हात पुढं करावा.