कॅसलरॉकला उतरवलेलं शिंगरू

गड्यांनो, शर्यतीची बाकीची शिंगरं घेऊन तुम्ही पुण्याला गेला आणि ह्या एका खोकणाऱ्याला घेऊन मी कॅसलरॉकला उतरलो. दुसऱ्यांना लागण नको म्हणून आम्हांला टेसनापासून लांब, एका शेडमध्ये ठेवलंय.

इथं कुणी जवळ येत न्हाई. हमाल बाळाप्पा भाकरीसुद्धा लांबच ठेवतो. "राग मानू नगो अण्णा, माझ्या दारात तट्टू हाय," म्हणतो.

आज सकाळी शिंगराला दमच घेता येईना. छाती नुसती घरघरत होती. चावाचावी नको म्हणून आपण गाडीत दोर आखूड करून तोंड वर बांधतो, तसंच मी इथंही बांधलं होतं. इथं ते चावणार कुणाला? सोडलं. त्यानं मान पार जमिनीपर्यंत नेली, जोरात खोकलं, आणि नाकातून पिवळा शेंबूड बदाबदा पडला. मग गवताला तोंड लावलं.

तुमच्याकडची अजून तशीच बांधलेली असतील, तर ही चिठ्ठी मिळताच त्यांचीही तोंडं मोकळी करा.

रोज गाडीची शिट्टी ऐकली की हे तुम्हांला हाका मारायचं. आज गाडी आली, गेली, तरी ते गप्प गवत खात राहिलं.

मीच तेवढा उठून दारात गेलो.