खारट कोपरा

माघ महिना, १९६३. वाडीच्या समाजमंदिराला पंधरा वर्षं झाली, म्हणून आम्ही बायका जमीन सारवत होतो. सुपारीच्या बागेतून ऊन झिरपत होतं, लांबून समुद्राची गाज येत होती. हात आपोआप फिरत होते, आणि मधली वर्षं गेलीच नाहीत असं वाटत होतं.

मंदिर बांधताना भरावाची माती घराघरातून आली. एक कोपरा शेजारच्या काकूंनी आणि मी भरला. त्यांनी टेकडीवरची लाल माती आणली. मी नवी सून, जवळ म्हणून खाडीकाठची उचलली. तेव्हापासून तिथलं सारवण मिठाने पांढरं होऊन सुटतं. बोल मात्र काकूंना, कारण त्यांचं माहेर मिठागरावरचं.

"काकू, तुमचं माहेर आलं बघा वर," एकीने टोमणा मारला. सगळ्या हसल्या.

"येऊ दे. तुझ्या आमटीला मीठ होईल," काकू म्हणाल्या. दरवर्षी त्या असंच हसण्यावारी नेत. या वेळी मात्र हात धुऊन उठल्या. "संध्याकाळच्या कार्यक्रमाला मी येत न्हाय."

"ती माती माझी होती," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

काकू दारात थांबल्या. "ठाऊक हाय. टोपली उतरवायला हात मीच दिला होता. वासावरूनच कळलं."

संध्याकाळी त्या आल्या, माझ्या शेजारी बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळीने तो कोपरा खणला, टेकडीवरची लाल माती भरली आणि जुनी माती खाडीत सोडली.