दिमोकच्या पुस्तकातला जास्तीचा ए

दिमोक माझी नणंद. तिला एका जागी बसवत नसे. चुलीत अळकुड्या भाजायला टाकल्या की ती तीनदा दाराशी जाऊन यायची. आम्ही डोंगरातल्या ओल्सोबिप गावची माणसं, रस्ता नाही म्हणून विमानाची वाट बघायची सवय असलेली. पण हिला तेवढाही धीर नव्हता.

शाळेत आम्ही इंग्रजी लिहायला शिकलो. घरात बोलायची आमची फाइवोल भाषा मात्र कधी कागदावर उतरली नव्हती. मग गावात अक्षरं ठरवायला कमिटी बसली. बांसिम मास्तर मुख्य. आमच्याकडे ‘आ’ आखूड बोलला तर एक शब्द आणि लांबवला तर दुसरा. कमिटीनं ठरवलं, दोन्हीला इंग्रजीतला एकच ए पुरे, वाचणाऱ्याला कळतंच. दिमोकनं तेव्हा होकाराची मान डोलावली आणि त्याच अक्षरांत बापाची गोष्ट लिहून काढली. छापील प्रती विमानानं आल्या, तेव्हा पिशवीत भरून ती थेट डोंगरापलीकडच्या गावी निघाली. मीही गेले. तिथं तिची सख्खी आत्या राहत होती.

गावातले पुरुष बसतात-निजतात त्या पुरुषांच्या घरासमोर सगळे जमले. नुकताच वाचायला शिकलेला वेसानी बोट ठेवून वाचू लागला. एका ओळीवर थांबला, पुन्हा वाचलं आणि हसू दाबत म्हणाला, “दिमोक, तुझ्या बापानं अळू चोरला म्हणतेस?”

“लावला,” दिमोक म्हणाली. “आ लांबव, नीट वाच.”

“जे लिहिलंय तेच वाचतोय.”

लोक हसत सुटले. आत्या हसली नाही. टोपली उचलून बागेकडे चालू लागली. दिमोक मागे धावली.

“आत्या, तो शब्द तसा नाहीये.”

“माझा भाऊ मेला, त्याला उत्तर देता येत नाही,” आत्या म्हणाली. “तुला येतं ना लिहिता? मग लिही काय ते.”

परतीच्या वाटेवर दिमोक थांबायचं नाव घेईना. नुसती चालत होती. ओढ्यावर मी म्हटलं, “वन्सं, पाय दुखताहेत, बसू या जरा.”

“तू बस.”

घरी पोचल्यावर ती बांसिमकडे गेली.

“ठरलंय ते ठरलंय,” तो म्हणाला. “छापून झालंय. आता काय पुस्तकं धुणार?”

तिनं पुस्तकं धुतली नाहीत. पेन घेतलं आणि प्रत्येक लांब स्वराजवळ हातानं दुसरा ए घातला. जागा नव्हती, म्हणून आधीच्या अक्षराच्या डोक्यावर चढवला. आठ दिवस, दोनशे प्रती. तिचा नवरा म्हणायचा, “अळूच्या बागेत रान माजलं, आणि ही कागदावर डास काढत बसलीय.” बोटं सुजली, मी पाल्याचा लेप लावायचे, ती तो पुसून परत लिहायला बसायची.

बांसिमनं रागानं कमिटी बोलावली. “एकटी अक्षरं बदलते, मग आम्ही कशाला?” दिमोकनं वेसानीला पुढे केलं. त्याला तिनं डोंगरापलीकडून बोलावून घेतलं होतं. त्याला आधी मुद्दाम तशीच ठेवलेली एक प्रत दिली, मग दुरुस्त केलेली. पहिलीत तो चार ठिकाणी अडखळला. दुसरी सरळ वाचत गेला, बापानं अळू लावला, डुकरांसाठी कुंपण घातलं, इथपर्यंत. बांसिमनं दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या. मग म्हणाला, “पुढच्या पुस्तकात दोन घालू.” “आणि या पुस्तकात?” दिमोक म्हणाली. “यात तू घातलेत ना.”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डोंगर चढली. आत्याला वाचता येत नव्हतं. दिमोकनं तिला ती ओळ वाचून दाखवली, सावकाश, स्वर लांबवून.

“आता कागद तसंच बोलतो?” आत्यानं विचारलं.

“हो.”

“आणि ज्यांनी आधीचं ऐकलं, त्यांचं काय?”

 आत्यानं राखेतली अळकुडी काढून तिच्या हातात दिली, पण बस म्हणाली नाही. दिमोकनं उभ्यानंच ती खाल्ली आणि पिशवी खांद्याला लावून त्या गावात घरोघर फिरू लागली, आधीचं ऐकलेल्यांना वाचून दाखवायला.