चौकटीच्या वहीतली रेघ

बाबा टेनिसचा सामना नुसता बघायचे नाहीत, काढायचे. लालबागच्या आमच्या खोलीत टीव्हीसमोर चौकटीची वही मांडीवर घेऊन बसायचे. आपल्या खेळाडूला पॉइंट मिळाला की रेघ एक चौकट वर, गेला की एक चौकट खाली. गेम संपला की उभी खूण. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार, असं आई चिडवायची. मला मात्र त्या रेघेवरून न बघितलेला सामनाही कळायचा: कुठे दमला, कुठे हट्टाने परत वर आला.

गेल्या वर्षी फायनलच्या दिवशी बाबा परळच्या हॉस्पिटलात होते. मोबाइलवर मॅच ऐन रंगात असताना त्यांना एक्सरेसाठी खाली नेलं. जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि एकही पॉइंट सोडू नकोस म्हणून बजावलं. ते खाली गेले आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. आधीच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. आता करण्यासारखं फारसं उरलेलं नाही, म्हणाले. परत येऊन मोबाइल बघितला तर आमचा खेळाडू हरला होता. मला राग आला. त्याचा, डॉक्टरांचा, सगळ्यांचाच. मी पेन्सिल घेतली आणि रेघ वर वर चढवत त्याला जिंकवून टाकलं.

बाबा आले. तो जिंकला आणि रिपोर्टही ठीक आहे, असं मी एका दमात सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. रेघेवरून बोट फिरवत शेवटच्या गेमच्या सुरुवातीला आले आणि तिथून वर चढलेल्या चौकटी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"तीन पॉइंटांत गेम होत नाही गो बाय," ते म्हणाले. "चाळीस-शून्यवरच संपवलास तू, चौथा पॉइंट राहिला."

घाईत चुकले असेन, असं काहीतरी मी पुटपुटले. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हरला ना? असू दे. आता रिपोर्टचं खरं सांग."

मी सांगितलं. सांगताना रडू आवरेना. बाबांनी खोडरबर मागितलं आणि माझ्या चौकटी एकेक करून पुसल्या. मग मोबाइलवरचे पॉइंट मला वाचायला लावले आणि स्वतः रेघ काढू लागले. मधे रेघ एकदा चार चौकटी वर गेली, तेव्हा लढला हं, म्हणाले. पुढे ती खालीच येत गेली. शेवटचा पॉइंटही त्यांनी न सोडता काढला.