चुन्यामागची टेकडी

रंगाचा डबा उघडण्याआधी चाचा भिंतीवर उजवा तळहात ठेवायचे, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग सांगायचे, “तापली हाय. थांबा.” काम देणारा कितीही घाईत असला तरी फरक पडत नसे. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशमागोमाग सुकतो, नीट बसत नाही, वर्षभरात पोपडे धरतो. चाचा सावलीत बसून बिडी ओढायचे. भिंत निवली की उठायचे.

नळदुर्गला हमरस्त्यालगत, ढाब्यांच्या रांगेत त्यांची पत्र्याची शेड होती. फ्लेक्स आल्यावर दुकानांच्या पाट्यांचं काम संपलं, ट्रक तेवढे राहिले. मी त्या भागाचा वार्ताहर. चहाच्या वेळी शेडमध्ये बसलं की हैदराबादपासून सोलापूरपर्यंतच्या बातम्या आपोआप कानावर पडत.

तुम्ही ट्रकांच्या मागे वाघ, सिंह, बर्फाचे डोंगर पाहिले असतील. चाचांच्या हातचं त्यातलं काहीच नसायचं. डोळ्यांनी पाहिलं नाही ते काढायचं नाही, हा त्यांचा नियम. एका ड्रायव्हरने सिंह सांगितला होता. चार दिवसांनी येऊन पाहतो तर मागच्या फळीवर खोकड. माळावरचा लहान कोल्हा, मोठे कान, झुपकेदार शेपूट.

“चाचा, शेर सांगितला व्हता म्या! सगळ्या रस्त्यानं लोक हसतील मला.”

“शेर म्या बघितला न्हाय. ह्येला रोज सकाळी बघतो. आन् हसले तर हसू दे, मागून धडकणार तर न्हाईत.”

ड्रायव्हरने शिव्या दिल्या आणि ट्रक तसाच नेला. पुढे तोच दुसरा ट्रक घेऊन आला आणि म्हणाला, “ह्याच्यावर बी खोकडच काढा.”

माळरान वाचवण्याचं काम करणाऱ्या काही मंडळींनी ते खोकड पाहिलं आणि चाचांना गावोगावच्या भिंती दिल्या. ज्या गावाच्या माळावर जो प्राणी, तो त्या गावाच्या भिंतीवर. पहिलं गाव मेंढपाळांचं होतं आणि प्राणी होता लांडगा. गावाचं नाव इथे लिहीत नाही.

चाचांनी लांडगा ओझरता पाहिला होता, नीट न्याहाळून नाही. त्या गावात आक्का म्हणून एक म्हातारी मेंढपाळीण होती. तिच्या कळपातलं एखादं कोकरू लांडगा दर साली न्यायचा. ती त्याला चोरी म्हणत नसे. “त्याचा वाटा त्यो नेतो,” एवढंच म्हणायची. माळावर लांडग्याच्या मादीने पिल्लं घातली होती आणि ती जागा फक्त आक्काला ठाऊक होती. चाचांचा हट्ट पाहून तिने त्यांना पहाटे नेलं. लांबच्या बांधाआड बसवलं.

“पेंटर, तोंड उघडायचं न्हाय.”

“जबान दिली, आक्का.”

चार पहाटा ते त्या बांधाआड बसले. पाचव्या दिवशी भिंतीवर तळहात ठेवला.

भिंत रंगत होती तेव्हा मी तिथे होतो. निम्मं गाव मागे उभं राहून चुका काढत होतं. “शेपूट वर कशाला नेलंय? त्याला काय वरातीत जायाचंय?” कुत्र्याचं शेपूट वर, लांडग्याचं खाली, असं तिघांनी सांगितलं. चाचांनी चौथ्याला विचारलं आणि मग शेपूट खाली आणलं. एरवी कोकरू गेलं की मेलेल्या जनावरावर विष टाकायची भाषा त्या गावात व्हायची. त्या साली कोकरू गेलं तेव्हा लोक भिंतीपाशी जाऊन भांडले: माग कुत्र्याचे होते की ह्याचे? विष कोणी टाकलं नाही. चित्राने काय होतं असं मला विचारतात, तेव्हा मी हे सांगतो. पुढचंही सांगतो.

चित्र फार चांगलं उतरलं होतं. लांडगा उभा, मान किंचित वळलेली. मागे दोन उंचवट्यांची टेकडी, कललेलं एक हिवराचं झाड, त्याच्या बुडाशी पांढऱ्या मातीची ओघळ. मी विचारलं, “मागची टेकडी खरी आहे?”

“न बघता म्या काय काढतो का?” चाचा हसले.

वार्ताहराला पहिल्या दिवशी शिकवतात: कोण, काय, कुठे, कधी. भिंतीचं छायाचित्र मी पेपरात दिलं, त्याखाली गावाचं नाव लिहिलं आणि टेकडी गावाच्या कोणत्या अंगाला आहे तेही विचारून लिहिलं. ओळ अचूक होती.

छापून आल्यावर नवव्या दिवशी शेडमध्ये आक्काचा फोन आला. मी चाचांना मोटारसायकलवरून नेलं. हिवराखालच्या ओघळीत बिळाचं तोंड दगडांनी बुजवलं होतं. दगड धुराने काळे झाले होते. वनरक्षकाने ते काढले. आत चार पिल्लं होती. पंचनाम्यात चार असाच आकडा आहे. मादी त्या साली पुन्हा दिसली नाही.

आदल्या दिवशी दोन अनोळखी माणसं गावात आली होती. भिंतीसमोर उभी राहून ती फोनमध्ये बघत होती, पुन्हा भिंतीकडे बघत होती. त्यांनी कोणाला वाट विचारली नाही. विचारायची गरज नव्हती. ती कोण, ते कधीच कळलं नाही. त्यांच्या फोनमध्ये काय होतं, तेही कोणी पाहिलं नाही. मी अंदाज करू शकतो.

चाचा ओघळीत बसून राहिले. “म्या तोंडानं न्हाय सांगितलं, आक्का.”

“व्हय. हातानं सांगितलंत.”

छायाचित्र मी छापलं होतं. खालची ओळही माझीच होती.

दुसऱ्या दिवशी चाचा चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी आले. सगळंच पुसणार होते. आक्का आडवी आली. “लांडगा ऱ्हाऊ द्या. त्यो कुणाला काय बोललाय?” मग त्यांनी टेकडी झाकली, हिवर झाकला, ओघळ झाकली. कोऱ्या पांढऱ्यात लांडगा एकटा उभा राहिला.

त्यानंतर चाचांनी काढलेल्या प्रत्येक चित्रात प्राण्यामागची जागा कोरी असे. काळवीट, माळढोक, खोकड, आणि मागे नुसती भिंत. काम देणारे कुरकुरायचे, “चाचा, निसर्ग कुठाय?”

“त्यो त्येंच्यापाशी हाय. तुमाला कशाला पायजे?”

ऑइल पेंटवर चुना टिकत नाही, हे रंगाऱ्याला सांगावं लागत नाही. पावसाळा सरला की खपल्या सुटायच्या आणि टेकडी डोकवायची. चाचा दर साली एसटीने जाऊन नवा हात मारून यायचे. मी एकदा म्हटलं, “ऑइल पेंटनेच झाका ना. एकदाच काय ते.”

“एकदाच झाकलं की माणूस ईसरतो,” ते म्हणाले. “मला ईसरायचं न्हाय.”

गेल्या उन्हाळ्यात ते छातीच्या दुखण्याने गेले. बातमी मीच दिली. नाव, वय, गाव, धंदा. भिंतीचा उल्लेख केला नाही. शेडमध्ये आता पंक्चरचं दुकान आहे.

पावसाळा संपल्यावर आक्काने मला बोलावून घेतलं. भिंतीवर डावीकडून दोन्ही उंचवटे पूर्ण वर आले होते, हिवराचा शेंडाही दिसत होता. आक्काने आजूबाजूला पाहिलं, मला दोन बोटं दाखवली आणि टेकडीच्या दिशेने मान हलवली. जोडी परत आली होती, त्याच ओघळीत.

चुना तिनेच कालवून ठेवला होता. मी ब्रश उचलला. मग आठवलं म्हणून भिंतीवर तळहात ठेवला.

“तापली हाय का?” आक्काने विचारलं.

“हो.”

तिने बादली सावलीत ओढली. लांडग्याकडे तोंड करून आम्ही दोघं भिंत निवायची वाट बघत बसलो.