चार घरांची किरायेदार

आमच्या आत्याची चार शहरांत चार घरं होती आणि ती स्वतः रायपूरच्या तात्यापाऱ्यात किरायाच्या दोन खोल्यांत राहायची. भाड्याला आम्ही रायपूरकर किरायाच म्हणतो, म्हणून सगळ्या नात्यात ती किरायावाली आत्या. तिच्या घरमालकाला लाजवेल एवढी मालमत्ता तिच्याजवळ होती, पण नळ गळायला लागला की ती त्याच्या दारात असा काही गरीब चेहरा करून उभी राहायची की संध्याकाळपर्यंत प्लंबर हजर. "स्वतःची घरं सोडून तू इथे कशाला?" असं विचारलं की म्हणायची, "ज्या घरात लोकं पैसे देऊन राहून राहिले, तिथं मी फुकटात राहू? एवढी श्रीमंत नाही बाप्पा मी."

तिने लग्न केलं नाही. रेल्वेच्या ऑफिसात जन्मभर नोकरी केली आणि रेल्वेचा पास तिच्याइतका कोणी वसूल केला नसेल. बाकीचे लोक पासवर काशी-रामेश्वर करतात, ही घरं बघत फिरायची. दलाल बिचारा फरशी दाखवायचा, नळाची तोटी दाखवायचा आणि आत्या गॅलरीत उभी राहून समोरच्या इमारतींतल्या कपड्यांच्या दोऱ्या न्याहाळायची. "घर काय पाहायचं? भिंती सारख्याच असते. दोरी पाहा. नुसत्या जीन्स दिसल्या तर पोट्टे राहते, वर्षभरात जाते. झबली, फ्रॉक, शाळेचा ड्रेस दिसला तर माणूस टिकते." तिची दोन घरं मी तिच्यासोबत जाऊन बघितली. त्या घरांचं आतून काही आठवत नाही, समोरच्यांचे टॉवेल मात्र आठवतात.

प्रत्येक शहराचा स्वभाव तिने माणसासारखा ओळखला होता. भिलाईत माणूस रिटायर झाला की पोलाद कारखान्याचं क्वार्टर सोडतो, पण गाव सोडत नाही, म्हणून तिथे तळमजला घ्यायचा, गुडघ्यांसाठी. आमच्या रायपुरात, तेलीबांध्याला कमावती पोरं येतात, "त्यायले तलाव दिसला पाह्यजे, मग मोरीत वळता नाही आलं तरी चालते." नागपुरात चांगली शाळा पायी जाण्याच्या अंतरावर हवी. आणि घर रिकामं पडलं तर ती स्वतः तिथे जाऊन आपली एक जुनी साडी दोरीवर घालून यायची. "रिकामी दोरी पाहून किरायेदार पळते. इथं माणूस राहते, असं खालून वाटलं पाह्यजे."

पुण्यात मात्र फजिती झाली. एका इमारतीच्या गच्चीवर तिला ओळीने पंचवीस-तीस फ्रॉक आणि गणवेश वाळताना दिसले. आत्या हरखली. एवढं गोकुळ नांदतंय म्हटल्यावर दलालाचं बोलणंही पूर्ण होऊ न देता तिने तिथे फ्लॅट घेतला. नंतर कळलं, की इमारत अर्ध्याहून जास्त रिकामी होती आणि ते कपडे कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याचे होते! गच्ची त्याने किरायाने घेतली होती. वर्षभर त्या घराकडे कोणी फिरकलं नाही. शेवटी आत्याने त्या लॉन्ड्रीवाल्यालाच कुटुंबासकट फ्लॅटमध्ये आणून बसवलं. तो अजून तिथेच आहे. आम्ही हसलो की ती गंभीरपणे म्हणायची, "म्हणजे दोरी खोटं नाही ना बोलली? फ्रॉकवाला माणूसच टिकला."

स्वतःसाठी तिने एकच नियम घातला होता: शाळा सुरू असताना लेकरांच्या घराला हात लावायचा नाही. तिच्या मॅट्रिकच्या वर्षी ऐन फेब्रुवारीत आजोबांना किरायाचं घर सोडावं लागलं होतं. "सामान हातगाडीवर, पुस्तकं कुठं गेली पत्ता नाही. गणितात गेली मी," ती सांगायची, आणि हे सांगताना मात्र हसायची नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी तात्यापाऱ्यातला घरमालक वारला, मुलांनी जागा विकायला काढली आणि महिनाभरात खोल्या सोडा म्हणून आत्याला निरोप आला. चार घरांची मालकीण, पण एकही रिकामं नाही! भिलाईच्या म्हाताऱ्या किरायेदाराचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पुण्याच्या घरावर लॉन्ड्रीवाल्याचं पोट. तेलीबांध्याचा करार दिवाळीत नवा झालेला. राहता राहिलं नागपूर, तिथला करार संपत आला होता. मी तिला धरूनच बसवलं आणि नोटीस लिहून घेतली. ती स्वतःच्या हाताने द्यायची म्हणून आम्ही दोघी नागपूरला गेलो.

फाटकाशी आत्याने सवयीने वर पाहिलं. दोरीवर निळा-पांढरा शाळेचा गणवेश वाळत होता. किरायेदारीण बाईंनी पोहे केले. "काकू, आज असं अचानक?" आतल्या खोलीत त्यांची मुलगी मोठ्याने प्रमेय पाठ करत होती.

"कितवीत आहे पोट्टी?" आत्याने विचारलं.

"दहावीत. मार्चमध्ये बोर्ड आहे."

आत्याने पर्स उघडली. नोटीस त्यातच होती. तिने त्यातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "नळ पाहाले आली होती मी." मग खरंच उठून घरातले सगळे नळ एकेक करून उघडून बघितले.

परतीच्या गाडीत मी भडकले. "आता तू राहणार कुठे?"

"मले कुठं बोर्डाचा पेपर द्यायचा आहे?" ती म्हणाली आणि नोटिशीच्या कागदात शेंगदाण्यांची टरफलं गोळा करायला लागली.

ती आमच्या रायपुरातल्याच शंकर नगरच्या घरी, वरच्या खोलीत आली. पण अकरा महिन्यांचा करार केल्यावरच! माझा नवरा म्हणाला, "आत्याबाई, घरच्या माणसाशी कसला करार?" ती म्हणाली, "जावईबापू, घरच्या माणसाले नळ दुरुस्त करा म्हणता नाही येत." दुसऱ्याच दिवशी तिने पहिली तक्रार नोंदवली. माझ्या मुलाने विचारलं, "आजी, आपके तो चार घर हैं न?" "हव बेटा," ती म्हणाली, "चार हैं, पर खाली एक भी नहीं."

मे महिन्यात नागपूरची मंडळी पेढे घेऊन आली. त्यांना कुठून तरी सगळं कळलं होतं. गृहस्थ खाली मान घालून म्हणाले, "काकू, आम्ही घर सोडतो." आत्याने मुलीला जवळ बसवून विचारलं, "गणितात किती?" आकडा ऐकून तिने दोन पेढे एकदम तोंडात घातले. घर कोणी सोडलं नाही. मला तर वाटतं, त्या दिवशी आत्या स्वतः मॅट्रिकचं गणित पास झाली.

आमच्याकडे तिचे तीन करार पूर्ण झाले. चौथ्याच्या नवव्या महिन्यात, दुपारी जेवून झोपली ती उठलीच नाही. जिन्यातला बल्ब बदला, ही तिची शेवटची तक्रार. तो मी रडत रडत त्याच दिवशी बदलून घेतला.

नवरा म्हणतो, वरची खोली देऊन टाकू. मी म्हटलं, करार संपायला अजून अवकाश आहे, किरायेदाराला असं मध्येच काढत नाहीत. रोज सकाळी मी तिची एक साडी वरच्या दोरीवर घालते आणि संध्याकाळी घडी करून आत ठेवते.