कुसुमताईच्या कामाची मोजणी

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या ओपीडीत एका बाईच्या मानेवरचा नायटा पाहत होतो. "आत्या गेली, डॉक्टरसाहेब... सकाळी उठलीच नाई," तिचा भाचा नवेगाव बांधहून सांगत होता. फोन ठेवला आणि सवयीने त्या बाईला म्हणालो, "कोणता मलम लावता? ट्यूब घेऊन या." लगेच जीभ चावली. हे वाक्य मी ताईकडूनच उचललेलं.

आमच्या त्वचारोग विभागात बुरशीच्या आजारांवर तिच्याइतकं काम कोणी केलं नाही. मी तिला ताई म्हणे, ती मला भाऊ. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती शेतातल्या बांध्यांवर जाऊन बायकांच्या पायांच्या चिखल्या तपासायची. नायट्याच्या पेशंटवर तर खेकसायचीच, "अव माय, हे कायले लावून राहिली? खाज थांबते अन् बुरशी पसरते!" दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमांनी नायटा चिवट होतो, हे तिने पेशंटकडून रिकाम्या ट्यूबा मागवून दाखवलं. पिशव्याच्या पिशव्या भरल्या होत्या. लेख छापला विदर्भातल्या एका लहानशा जर्नलने. कोणी वाचला? मी वाचला. पुढे तीच पद्धत वापरून मी एका मोठ्या परदेशी जर्नलसाठी लिहिलं. संदर्भांच्या यादीत तिचं नाव आधी होतं... मीच खोडलं. एवढ्याशा जर्नलचा संदर्भ पाहून परीक्षक नाक मुरडतील, अशी भीती वाटली. भीती कसली, हाव होती ती! लेख गाजला. मी पेढे वाटले. ताईने दोन खाल्ले.

मग तिच्या प्रोफेसरपदाची वेळ आली. तिच्या कामाचा संदर्भ इतरांनी किती वेळा घेतला, हे समितीला हवं होतं, आणि मोजायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. तिचे संदर्भ बोटांवर मोजण्याइतके निघाले. माझ्या त्या लेखाचे मात्र ढीगभर, आणि खरं तर ते सगळे तिच्या कामाचे. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी शेरा लिहिला, 'प्रभाव मर्यादित'. जागा बाहेरच्या माणसाला गेली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिने विचारलं, "भाऊ, बराबर मोजलं ना?"

"हो ताई."

"मंग झालं. चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तेरवीला नवेगाव बांधला गेलो. भाच्याने तिची एक फाइल हातात दिली. "तुमच्याच विषयाचं हाये, पाहून घ्या." निवृत्तीनंतरही बाई ट्यूबांवर लिहीतच होती. आत एका जर्नलच्या परीक्षकाचं पत्र होतं. ही पद्धत नवी नाही, आधीच प्रसिद्ध झाली आहे, मूळ लेखकाचा उल्लेख करावा... आणि मूळ लेखक म्हणून माझं नाव! तिने भांडायला हवं होतं हो. फोन करून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायला हवा होता. पत्राच्या कडेला पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, 'भाऊचं नाव घातलं. लेख पुढे जाऊ दे, पेशंट थांबून आहेत.'

त्या परदेशी जर्नलला मी काल सगळं खरं लिहून कळवलं. उत्तर येईल तेव्हा येईल. ताईचा लेख मात्र गेल्या आठवड्यात छापून आला, आणि संगणकावर माझ्या नावापुढचा संदर्भांचा आकडा एकाने वाढला.